राष्ट्राध्यक्षाचा हुकूम निघाला, राज्याने ऐकला नाही : अमेरिकेत हे चालतं कसं?

पायवाट (धागाकर्ता)

घरून फोन आला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला. "टीव्हीवर दाखवतायत, ट्रम्पने सही केली म्हणे. आता तुमचं कसं?" सही झाली म्हणजे विषय संपला, असं मंडळींनी धरूनच ठेवलेलं असतं. समजावायला जावं तर गाडी "म्हणजे तिथे कोणी कोणाचं ऐकतच नाही का?" इथे येऊन थांबते. बऱ्याच अंशी तसंच आहे, आणि ते मुद्दाम तसं बांधलेलं आहे. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी दुवा पाठवीन.

आधी वॉशिंग्टनमधली वाटणी. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तिचं पहिलं कलम काँग्रेसचं. (पक्ष नव्हे, संसद. हाउस आणि सिनेट मिळून.) तेच सर्वांत लांबलचक आहे. कर, जकात, कर्ज, नाणी, परदेशांशी आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन, युद्ध पुकारणं, हे सगळं त्यात. राष्ट्राध्यक्षाचं कलम दुसरं, बरंच आटोपशीर. न्यायालयांचं तिसरं तर एवढंसं. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं त्यात थेट कुठेही लिहिलेलं नाही. १८०३ च्या मार्बरी खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलने तो निकालातूनच उभा केला आणि पुढे तो सगळ्यांनी मान्य केला.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात कसं चालतं याचा मला आवडणारा प्रसंग १९५२ चा आहे. कोरियात युद्ध चालू होतं आणि इकडे पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. पोलाद नाही तर दारूगोळा नाही, या काळजीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने ८ एप्रिलला आदेश काढला आणि व्यापारमंत्री सॉयर यांना देशातले पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला सांगितलं. मी सरसेनापती आहे, आणीबाणी आहे, एवढा अधिकार मला असणारच, असं त्याचं म्हणणं. कारखानदार कोर्टात गेले. २ जूनला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला : कारखाने ताब्यात घ्यायचा कायदा काँग्रेसने केलेला नाही, आणि कायदा करणं हे राष्ट्राध्यक्षाचं काम नाही. त्या नऊ न्यायमूर्तींपैकी चार ट्रुमनने स्वतः नेमलेले होते. त्यांतल्या दोघांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं! ट्रुमनने त्याच दिवशी कारखाने परत केले. संप झाला, चांगला सात आठवडे चालला.

त्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सनने वेगळं टिपण जोडलं, ते आजही प्रत्येक वादात काढलं जातं. काँग्रेसने संमती दिलेली असेल तर राष्ट्राध्यक्षाची ताकद सर्वांत जास्त. काँग्रेस गप्प असेल तर मामला धूसर. काँग्रेसने नाही म्हटलेलं असेल तर ताकद सर्वांत कमी. बातमी वाचताना मी आधी हेच बघतो, की यावर काँग्रेसचा कायदा काय म्हणतो. निम्मी बातमी तिथेच उलगडते.

आता दुसरी वाटणी, वॉशिंग्टन आणि राज्यं यांच्यातली. दहावी घटनादुरुस्ती (१७९१) म्हणते की जे अधिकार संघाला दिले नाहीत आणि राज्यांना नाकारलेही नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे. पोलीस, शाळा, लग्न, जमीनजुमला, गाडी चालवायचा परवाना, बहुतेक फौजदारी गुन्हे, सगळं राज्यांचं. फेडरल, म्हणजे वॉशिंग्टनचा, कायदा आपल्या कक्षेत राज्याच्या कायद्याच्या वर असतो, हे खरं. पण तो राबवायला फेडरल सरकारने आपली माणसं आणायची. राज्याच्या पोलिसांना "तुम्ही करा" असं फर्मावता येत नाही.

हे पक्कं झालं १९९७ च्या प्रिन्ट्झ खटल्यात. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याची पूर्वचौकशी करायचं काम स्थानिक पोलीस प्रमुखांवर टाकलं होतं. मोंटाना आणि अ‍ॅरिझोनाचे दोन शेरीफ म्हणाले, आम्ही तुमचे नोकर नाही. पाच विरुद्ध चार, शेरीफ जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालियाने, बंदूकवाले खूश झाले. आणि आज? स्थलांतरितांना पकडायला आमचे पोलीस मदत करणार नाहीत असं जी शहरं आणि राज्यं सांगतात, ती याच निकालाची ढाल पुढे करतात. कायदा कोणाच्या हातून तयार झाला आणि कोणाच्या कामी आला, याचा अमेरिकेत काही नेम नाही.

भर घाला, भांडा. फक्त ट्रम्प चांगला की वाईट यावर नको, त्यासाठी बाकीचे धागे ओसंडून वाहतायत.

---

काळाकोट

उत्तम धागा. नागपुरात वकिली करतो, त्यामुळे तुलना केल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या घटनेत नेमकं उलटं आहे. अनुच्छेद २५६ नुसार राज्याने आपला कारभार संसदेच्या कायद्यांचं पालन होईल असाच चालवायचा, आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. निर्देश पाळले नाहीत तर ३६५, आणि त्याच्या मागे उभं ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट. १९९४ च्या बोम्मई निकालाने ३५६ ला बरीच वेसण घातली, तरी हत्यार म्यानात आहेच. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला राज्याचं सरकार बरखास्त करताच येत नाही. तिथला गव्हर्नर निवडून येतो, त्याला दिल्लीसारखं कोणी बसवत नाही आणि उठवतही नाही. उरलेले अधिकार तिथे राज्यांकडे, आपल्याकडे केंद्राकडे.

सगळ्यांत मोठा फरक नकाशाचा. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद राज्याचे तुकडे करू शकते, राज्याचं मत फक्त विचारायचं. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालंच. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याच्या पोटातून नवं राज्य काढता येत नाही. १८६३ साली वेस्ट व्हर्जिनिया झालं तेव्हाही व्हर्जिनियाची संमती घेतली, फक्त ती यादवी युद्धात संघाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पर्यायी सरकारची होती. वकिली डोकं कुठेही चालतं!

बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, त्यांनी ही अमेरिकन व्यवस्था जवळून पाहिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी ही तुलना सविस्तर केली आहे. अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच. तिथे न्यायालयांच्या दोन उतरंडी, आपल्याकडे एकच. आणि आपली घटना काळाच्या गरजेप्रमाणे संघराज्यही होऊ शकते आणि एकात्मही. फाळणीच्या दुसऱ्या वर्षी ते बोलत होते, हे ध्यानात घेतलं की त्या निवडीमागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

---

खवचट_आजोबा

राज्यांचे अधिकार, राज्यांचे अधिकार म्हणून नाचण्याआधी जरा १९५७ मध्ये डोकावा. अर्कान्सॉ राज्य, लिटल रॉक गाव, सेंट्रल हायस्कूल. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच सांगून झालेलं. तरी नऊ काळी मुलं शाळेत येणार म्हटल्यावर गव्हर्नर फॉबसने राज्याचे नॅशनल गार्ड दारात उभे केले. मुलांच्या रक्षणाला नव्हे, मुलांना अडवायला! शेवटी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरने तेच गार्ड आपल्या हुकमतीखाली घेतले आणि वर १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली. बंदुकधारी सैनिकांच्या पहाऱ्यात पोरं वर्गात गेली.

गुलामगिरी टिकवणारे हेच म्हणत होते आणि वर्णभेदवालेही हेच म्हणत होते : हा आमच्या राज्याचा प्रश्न आहे, वॉशिंग्टनने नाक खुपसू नये. तेव्हा पायवाटराव, ढाल म्हणालात ते बरोबर, पण ती आजवर कोणाकोणाच्या हातात होती तेही लिहा.

---

पायवाट

आजोबा, शंभर टक्के मान्य. त्यात एक भर. मूळ हक्कांची सनद (घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या) फक्त फेडरल सरकारला बांधत होती, राज्यांना नाही. तसा १८३३ चा निकालच आहे. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, तेव्हा कुठे राज्याविरुद्ध फेडरल कोर्टात दाद मागायची वाट उघडली, आणि ती रुंद व्हायला पुढची शंभर वर्षं गेली.

उलट बाजूही आहे मात्र. प्रिन्ट्झच्या तत्त्वाचं मूळ १८४२ च्या एका खटल्यात सापडतं. पळालेल्या गुलामांना धरून मालकाकडे परत पाठवण्याचा फेडरल कायदा होता. कोर्टाने तो कायदा उचलून धरला, पण राज्याच्या अधिकाऱ्यांना त्यासाठी जुंपता येणार नाही, असंही म्हटलं. लगेच उत्तरेकडच्या काही राज्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना या कामात हात घालायला कायद्याने मनाई केली. म्हणजे ढाल गुलामांना लपवणाऱ्यांच्या हातातही होती.

---

टेक्सासची_ठमी

तुम्ही सगळे कोर्टात अडकलात. मी अकाउंट्सवाली, मला पैसा दिसतो. फेडरल सरकारला राज्यांना हुकूम देता येत नाही ना? मग ते चेक देतं, आणि चेकच्या मागे अटी लिहितं.

दारू पिण्याचं वय घ्या. तो विषय राज्यांचा. १९८४ मध्ये काँग्रेसने कायदा केला, पण त्यात "वय २१ करा" असा हुकूम नव्हता. म्हटलं काय, तर ज्या राज्यात २१ पेक्षा लहान मुलं दारू विकत घेऊ शकतील, त्या राज्याच्या हायवे निधीतला वाटा कापू. साउथ डाकोटात १९ व्या वर्षापासून सौम्य बिअर चालायची, ते कोर्टात गेलं. १९८७ मध्ये कोर्ट म्हणालं, पाच टक्के म्हणजे दमदाटी नव्हे, पटत नसेल तर पैसे सोडा. १९८८ पर्यंत पन्नासच्या पन्नास राज्यांत वय २१.

मग २०१२. ओबामाच्या आरोग्य कायद्यात असं होतं की मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, वाढवला नाही तर राज्याला आधीपासून मिळणारे मेडिकेडचे पैसेही बंद होतील. इथे मात्र सात न्यायमूर्ती म्हणाले, हे जास्त झालं. सरन्यायाधीश रॉबर्ट्सने लिहिलं, ही डोक्याला लावलेली बंदूक आहे. तेव्हापासून मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्याच्या मर्जीवर. आमच्या टेक्सासने अजून वाढवलेलं नाही. न्यू जर्सीत ज्या पगाराच्या माणसाला विमा मिळतो, त्याच पगाराच्या ह्यूस्टनमधल्या माणसाला मिळत नाही. देश एकच.

तर पाच टक्के म्हणजे आमिष आणि सगळा निधी म्हणजे बंदूक. मधली रेघ नेमकी कुठे, ते कोर्टाने सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, माझी पैज.

---

नवखा_एच१बी

वाचतोय, मस्त चाललंय. एक बाळबोध प्रश्न. न्यू जर्सीत आमच्या अपार्टमेंटसमोर गांजाचं दुकान आहे. काच, दिवे, रांग, सगळं मोबाइलच्या शोरूमसारखं. रूममेट म्हणतो कायदेशीर आहे, बिनधास्त घे. खरंच बिनधास्त?

---

पायवाट

अजिबात नाही! बरं झालं विचारलंस. न्यू जर्सीत मतदारांनी २०२० मध्ये कौल दिला आणि २०२२ च्या एप्रिलपासून विक्री सुरू झाली, हे खरं. पण फेडरल कायद्यात तो अजून गुन्हाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा सगळा फेडरल प्रांत. राज्याचा पोलीस तुला हात लावणार नाही. पण इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारलं आणि तू "हो, घेतला होता" म्हणालास तर ते तुझ्याविरुद्ध जाऊ शकतं. शिक्षा झालेली नसली तरी. नागरिकाला जे चालतं ते आपल्याला चालेलच असं नाही. फोनमध्ये त्या दुकानाचे फोटोही ठेवू नकोस.

---

काळाकोट

आणि फेडरल सरकारचा हात घरातल्या कुंडीपर्यंत कसा पोचतो, याची कहाणी फार सुरस आहे. ओहायोत रोस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. मंदीच्या काळात गव्हाचे भाव टिकावेत म्हणून सरकारने प्रत्येकाला पेऱ्याचा कोटा ठरवून दिला होता. फिलबर्नचा ११.१ एकर. त्याने पेरला २३ एकर. दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, जास्तीचा गहू मी विकलेलाच नाही, घरी खायला आणि कोंबड्या-जनावरांना घातला, काँग्रेसचा अधिकार राज्याराज्यांतल्या व्यापारावर, तर यात तो आला कुठून? १९४२ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाहीस. सगळ्यांनी तसंच केलं तर देशाच्या बाजारावर परिणाम होईल. म्हणून हा व्यापारच.

पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियात औषध म्हणून गांजा वापरणाऱ्या दोन बायका कोर्टात गेल्या. एकीने तो घरीच लावलेला. कोर्टाने फिलबर्नचाच गहू काढून दाखवला. सहा विरुद्ध तीन, फेडरल कायदा चालणार.

---

पांढरं_सोनं

कोटा, दंड, घरचं पीक... यवतमाळकडच्या माणसाला हे सांगायला ओहायो कशाला पाहिजे राजेहो. आमच्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस द्यायचा तो सरकारलाच. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री गाड्या सीमेपलीकडे जायच्या. फरक एवढाच की आमचा कायदा राज्याचा होता, दिल्लीचा नाही. तिकडे ओहायोने ठरवलं असतं तर फिलबर्नला कोटा माफ झाला असता का?

---

काळाकोट

नाही. कोटा फेडरल होता, ओहायोच्या हातात काही नव्हतं. फार तर ओहायोने आपली माणसं मोजणीला दिली नसती.

---

दिवाळी_अंक

जरा हलकं घेऊ. दिवाळीची सुट्टी! न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं मागणी होती. शहराच्या मनात आलं आणि दिली, असं झालं नाही. शाळांच्या सुट्ट्या राज्याच्या शिक्षण कायद्यात आहेत, म्हणून ऑल्बनीत, राज्याच्या राजधानीत, राज्याचं विधेयक मंजूर व्हावं लागलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरने सही केली तेव्हा प्रश्न सुटला. माझ्या डोक्यात न्यूयॉर्कचा महापौर म्हणजे केवढी असामी! पण घटनेत शहरांचं नावही नाही, राज्य देईल तेवढेच अधिकार.

आणि उद्या काँग्रेसने दिवाळी फेडरल सुट्टी केली तरी ती फेडरल कर्मचाऱ्यांपुरतीच. मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा कायदा १९८३ चा. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी १९९० मध्ये ती सुट्टी नाकारली, तर फुटबॉल लीगने १९९३ चा सुपर बोल तिथून हलवून कॅलिफोर्नियात नेला. मग १९९२ मध्ये अ‍ॅरिझोनाने सुट्टी मान्य केली. ठमीताईंचा मुद्दा इथेही लागू.

---

टेक्सासची_ठमी

:) पैसा बोलतो.

---

रांगेत_उभा

सगळं ठीक, पण आमचं ग्रीन कार्ड? प्रत्येक राष्ट्राध्यक्षाकडून आशा लावून झाली. कोणीच का करत नाही?

---

पायवाट

कारण ते त्याच्या हातातच नाही. एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त नाही, ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. नियमाने करता येण्यासारखं थोडंफार होतं ते झालं. उदाहरणार्थ २०१५ मध्ये एच-१बीवाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळाली. तीसुद्धा "काँग्रेसने असा अधिकार दिलाच नव्हता" म्हणून कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळली.

मर्यादा उठवायचं विधेयक कुठवर गेलं होतं ते ऐका. २०१९ च्या जुलैत हाउसने ते ३६५ विरुद्ध ६५ असं मंजूर केलं, दोन्ही पक्षांच्या मतांनी. २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटनेही एकमताने मंजूर केलं, पण बदल करून. आता दोन्ही सभागृहांत शब्द न् शब्द सारखा मजकूर मंजूर व्हायला हवा होता. तो जुळला नाही, महिन्याभरात काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. दोन्हीकडे मंजूर, आणि कायदा शून्य. आपल्याकडे असा पेच पडला तर निदान संयुक्त बैठकीची तरतूद आहे. इथे तीही नाही.

---

रांगेत_उभा

वाचून रक्तदाब वाढला. पण धन्यवाद.

---

खवचट_आजोबा

मूळ दुखण्याला कोणी हातच लावत नाही. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनने १७८८ मध्ये हिशेब मांडला होता की प्रत्येक शाखेतला माणूस आपापल्या शाखेचा अधिकार राखण्यासाठी दुसऱ्याशी भांडेल. तो हिशेब पक्षांनी मोडला. सिनेटर आता सिनेटचा नसतो, पक्षाचा असतो. आपला माणूस व्हाइट हाउसमध्ये असला की काँग्रेसच्या अधिकारांचं त्याला सोयरसुतक नाही.

युद्धाचंच बघा. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. यांतलं एकही 'पुकारलेलं' नाही. जकातीचंही तेच. अधिकार काँग्रेसचा, पण १९६२ आणि १९७४ च्या कायद्यांनी त्यातला मोठा तुकडा काँग्रेसने आपल्या हाताने राष्ट्राध्यक्षाला देऊन टाकला. चोरी झालीच नाही हो, घरमालकाने किल्ली दिली.

---

पायवाट

आजोबा, पक्षांचं कारण खरं आहे, पण अर्धं. किल्ली दिल्यावर परत मागायची एक सोय काँग्रेसने ठेवली होती, आणि ती कोर्टाने काढून घेतली. तीही आपल्याच एका माणसाच्या खटल्यात. या धाग्यावर मला खरं तर हेच लिहायचं होतं.

जगदीश राय चड्ढा. केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा, ब्रिटिश पासपोर्ट. ओहायोत शिकायला आला. १९७२ मध्ये स्टुडंट व्हिसाची मुदत संपली. इमिग्रेशन न्यायाधीशाने १९७४ मध्ये त्याची हकालपट्टी स्थगित केली, राहू द्या म्हणाला. पण कायद्यात कलम होतं की अशी स्थगिती काँग्रेसच्या कोणत्याही एका सभागृहाला नुसत्या ठरावाने रद्द करता येईल. १९७५ च्या डिसेंबरात हाउससमोर ठराव आला. ३४० प्रकरणं तपासली होती, त्यांतली सहा नावं वगळायची, त्यांत चड्ढा. चर्चा नाही, नोंदवलेलं मतदान नाही, ठरावाचा मजकूर सभासदांना छापून वाटलेलाही नाही. झालं, चड्ढाने देश सोडायचा.

तो लढला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला : काँग्रेसला कायद्याचा परिणाम साधायचा असेल तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षाची सही, हाच रस्ता. एका सभागृहाचा ठराव पुरत नाही. चड्ढा राहिला. त्याच्यासाठी आनंदच आहे, आणि निकाल घटनेच्या शब्दांना धरून आहे. पण तसलं कलम जवळपास २०० कायद्यांत होतं. "अधिकार देतो, पण गैरवापर केलास तर ठरावाने परत घेऊ" या बोलीवर काँग्रेसने अधिकार वाटले होते. बोली रद्द झाली, अधिकार राष्ट्राध्यक्षाकडेच राहिले!

१९७६ च्या आणीबाणी कायद्याप्रमाणे दोन्ही सभागृहांच्या ठरावाने राष्ट्राध्यक्षाने जाहीर केलेली आणीबाणी संपत होती, त्याची सही लागत नव्हती. चड्ढा निकालानंतर १९८५ मध्ये ते कलम बदलावं लागलं. आता ठरावही राष्ट्राध्यक्षाच्या सहीला जातो. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली त्यालाच विचारायचं, उठवू का?

हे निव्वळ पुस्तकी नाही. २०१८-१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्पने ५.७ अब्ज डॉलर मागितले. काँग्रेसने नकार दिला, सरकार ३५ दिवस बंद राहिलं, शेवटी १.३७५ अब्ज मिळाले. मग त्याने आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा निधी वळवला. दोन्ही सभागृहांनी आणीबाणी संपवायचा ठराव केला. सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१, म्हणजे त्याच्याच पक्षाचे बारा जण फुटले. त्याने व्हेटो केला. हाउसमध्ये व्हेटो मोडायला दोन तृतीयांश हवे होते, पडली २४८ विरुद्ध १८१. संपलं. बहुमत दोन्हीकडे विरोधात असून आणीबाणी चालू.

---

काळाकोट

चड्ढा निकाल माहीत होता, पण १९८५ ची कडी कधी जोडली नव्हती. वाचनखूण साठवली आहे.

आपल्याकडे नेमकं उलट झालं बघा. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) लोकसभेला अधिकार दिला, की तिने साध्या बहुमताने नापसंतीचा ठराव केला तर राष्ट्रपतींना राष्ट्रीय आणीबाणी मागे घ्यावीच लागते. अर्थात लोकसभेत बहुमत सरकारचंच असतं, त्यामुळे ती वेळ कधी येणार ते देव जाणे.

---

नवखा_एच१बी

सरकार ३५ दिवस बंद म्हणजे काय नक्की? २०२५ मध्ये ४३ दिवस होतं म्हणतात. मला तर फारसं जाणवलं नाही.

---

टेक्सासची_ठमी

जाणवलं नाही कारण तुझं रोजचं आयुष्य राज्य आणि गाव चालवतं. शाळा, पोलीस, कचऱ्याची गाडी, लायसन्सचं ऑफिस, यांतलं काही बंद पडत नाही. बंद पडतं ते फेडरल. विमानतळावरचे कंट्रोलर बिनपगारी कामावर होते, शेवटी शेवटी उड्डाणंच कमी करावी लागली. गरिबांच्या धान्याच्या कार्डांवर पैसे जमा व्हायचे अडले. आणि तुझ्यासारख्या व्हिसावाल्यांना दणका असा की इमिग्रेशन खातं स्वतःच्या फीवर चालतं म्हणून उघडं, पण एच-१बीच्या अर्जाआधी लेबर खात्याचा जो कागद लागतो तो देणारं ऑफिस काही आठवडे ठप्प. त्या काळात नोकरी बदलणाऱ्यांना विचार.

हे 'बंद' तसं अलीकडचं प्रकरण. पैसे मंजूर झाले नाहीत तरी पूर्वी खाती रखडत चालू राहायची. १९८० मध्ये कार्टरच्या अ‍ॅटर्नी जनरलने जुन्या कायद्याचा अर्थ कडक लावला, की मंजुरी नाही तर कामही नाही. तिथून हा तमाशा.

---

खवचट_आजोबा

आमच्याकडे अर्थविषयक मतदानात सरकार हरलं की सरकारच पडतं, नवे येतात, कचेऱ्या चालू राहतात. तिकडे सरकार पडत नाही, कचेऱ्या पडतात. छान आहे.

पायवाटराव, ती आणीबाणीची किल्ली परत घ्यायचा काही उपाय कोणी काढलाय का, की नुसतं रडगाणं?

---

पायवाट

काढलाय. २०१९ च्या मार्चमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचा असताना, युटाचे सिनेटर माइक ली यांनी विधेयक आणलं. आणीबाणी ३० दिवसांत आपोआप संपेल, पुढे चालवायची असेल तर काँग्रेसने मंजुरी द्यायची. म्हणजे अडवण्यासाठी मतं जमवायची नाहीत, चालू ठेवण्यासाठी जमवायची. चड्ढा निकालालाही कुठे धक्का लागत नाही. पण कायदा झाला नाही.

---

खवचट_आजोबा

आणि मंजूर झालं असतं तर सहीला कोणाकडे गेलं असतं?

---

पायवाट

त्याच्याचकडे. :) पण अशक्य नाही. १९७३ चा युद्धाधिकार ठराव निक्सनने व्हेटो केला होता. सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत काँग्रेसला कळवा आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत आवरतं घ्या, असा तो ठराव. हाउसमध्ये २८४ विरुद्ध १३५, सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८, व्हेटो मोडून कायदा झाला. त्या वेळी निक्सनला भोवलेलं वॉटरगेट प्रकरण ऐन भरात होतं, आणि निक्सनची स्वतःची माणसं त्याच्यापासून चार हात लांब उभी राहायला लागली होती.